हिरवं बिल, कात्रपची गच्ची

बदलापूर ईस्टला उतरलात की शेअर रिक्षा पकडा आणि नुसतं ‘कात्रप’ म्हणा. थोड्याच वेळात तुम्ही अशा रस्त्यावर असता, जिथे जुन्या चारमजलीच्या शेजारी नवाकोरा टॉवर उभा असतो आणि खाली ‘वन बीएचके, रेडी पझेशन’चा बोर्ड. सकाळची लोकल, होम लोनचा हप्ता, रात्री नऊला लिफ्ट. पण रविवारी गच्चीवर जा. माथेरानची रांग आणि तिच्यातला चंदेरीचा सुळका दिसला, की लोक इतक्या लांब राहायला का येतात ते कळतं.

एवढ्या हिरवळीत राहायचं, तर विजेचं बिलही हिरवं का नको?

सोय आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च 2021 मध्ये ‘ग्रीन टॅरिफ’ला मंजुरी दिली. तेव्हा ठरलं ते असं: नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जास्त द्यायचे आणि आपल्या वापराइतकी सगळी वीज सौर, पवन अशा स्रोतांतली असल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. महिन्याला 150 युनिट वापरणाऱ्या घराला त्या दराने 99 रुपये. पिझ्झापेक्षा स्वस्त पुण्य!

पण बॉस, अर्ज भरलात म्हणून तुमच्या तारेतली वीज बदलत नाही. ग्रिड म्हणजे आपली उल्हास नदी समजा. कुठला ओढा कुठे मिसळला, हे नळ उघडल्यावर सांगता येतं का? आणि हे नुसतं उदाहरण नाही. टाटांचं भिवपुरीचं जलविद्युत केंद्र 1922 सालचं, आपल्याच कर्जत लाइनवरचं. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटाखाली आणायचं, त्यावर टर्बाइन फिरवायची आणि मग ते उल्हासमध्ये सोडून द्यायचं. खाली बदलापूरच्या बॅरेजवर नदीचं पाणी उचलतात. वीज मुंबईसाठी, तिचं उष्टं पाणी आपल्याला! शंभर वर्षं कात्रपच्या उशाशी हिरवी वीज तयार होतेय आणि बिलावर तिचा पत्ता नाही.

तेव्हा खरा प्रश्न वेगळाच. वीज कंपन्यांना आपल्या एकूण विजेतला ठरावीक वाटा अक्षय स्रोतांकडून घेण्याची सक्ती आहेच. ती वीज त्या तुमच्याशिवायही घेणार. तुमचे 99 रुपये तीच वीज तुमच्या नावावर लिहिण्यात गेले, तर हवेतला एक किलो कार्बनही हलत नाही. सक्तीच्या वाट्यापलीकडे नवी पॅनेल्स, नव्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तरच फरक. अर्ज करण्याआधी हे विचाराच.

दुसरी भानगड वेळेची. सूर्य दुपारी तळपतो तेव्हा कात्रपचे निम्मे फ्लॅट कुलूपबंद. आपण एसी लावतो रात्री, जेव्हा चंद्रपूर, कोराडीचा कोळसा जोरात जळत असतो. महिन्याचा हिशेब कागदावर जुळतो, तासाचा जुळत नाही. मोठी ऑफिसं, मॉल यांनी हा दर घेतला तर मागणी तरी ठसठशीत दिसते. एका वन बीएचकेचं वजन ते किती?

माझं विचाराल तर तोच पैसा गच्चीवर घालावा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान ठरलं. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि महिन्याला शंभरेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, बदलापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. टाकी भरायचा पंप दुपारी लावला तर वेळेची भानगडही बरीच सुटते.

भाड्याने राहताय? मग पंखा बदला. जुना 75 वॅटचा, बीएलडीसी तिशीतला. रोज बारा तास फिरला तर महिन्याला सोळाएक युनिट वाचतात. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर 11 किलो. ते कुणाच्या खात्यात, असा वादही नाही. घर सोडताना पंखा काढून घेऊन जा!

आणि फ्लॅट स्वतःचा असेल तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला ‘गच्ची’ हा विषय घ्यायला लावा. तोही पार्किंगच्या आधी. पार्किंगनंतर कुणी शुद्धीवर नसतं.