मेहनत आणि वेठ

मी डहाणूचा. आमच्याकडे चिकूच्या वाड्या आहेत, आणि लहानपणापासून कानावर पडलेला शब्द म्हणजे मेहनत. तुमच्या उर्दूतही तो रोजचाच. मूळ शब्द अरबी. तो फारसीतून उर्दूत व मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ आहे कसोटी, संकट.

शब्दांची मुळे शोधायची मला हौस आहे. जपानी भाषेत मेहनतीला 'दोर्योकु' म्हणतात. हा शब्द चिनी लिपीतून घेतलेल्या दोन चिन्हांनी लिहितात. दुसरे चिन्ह म्हणजे 'बळ'. पहिल्या चिन्हातही खाली बळ आहे. पण त्याच्या वर 'दास' बसला आहे! जाणकार सांगतात, दासाचे चिन्ह तिथे उच्चार दाखवण्यासाठी आले. असेलही. माझ्या मनातून मात्र तो दास हलेना, कारण आमच्याच मुलखात दुसऱ्याच्या बळावर हक्क सांगणारे लोक होऊन गेले.

डहाणू-तलासरी भागात जमीनदार वारली लोकांना फुकट राबवत. या सक्तीच्या कामाला वेठ म्हणत. आधी जमीनदाराचे शेत, मग स्वतःचे. नकार दिला की मार. लग्नासाठी कर्ज काढणारा तर 'लग्नगडी' होई; नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे सावकाराकडे राबत.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे ती घडवून आणली. सुमारे पाच हजार माणसे जमली. वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. पुढे गवतकापणीसाठी मागणी झाली : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. गवत तेच, विळा तोच, घामही तेवढाच. पण आता त्याचा दर वारली स्वतः सांगत होते. ही गोष्ट साधी नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचे प्राण गेले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. मोठे झाल्यावर जरूर वाचा.

मराठीत 'वेठबिगार' असा जोडशब्द आहे. वेठ हा संस्कृत 'विष्टि'वरून आला आणि बिगार म्हणजे तुमचा फारसी-उर्दू 'बेगार'. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या कलमाने या प्रथेला बंदी घातली. त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे.