सेवाग्रामची ‘तालीम’

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर. येणारे बहुतेक लोक बापूकुटी पाहून परततात. जवळच्या नई तालीमच्या आवारात फार थोडे जण जातात. आम्ही शिक्षक मंडळी मुद्दाम तिकडे गेलो. ‘तालीम’ हा आपल्या घरातला शब्द या कवेलूच्या घरांपर्यंत कसा आला, याची उत्सुकता होती.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, या विचारातला धोका जामिया मिल्लियाच्या डॉ. झाकिर हुसैन यांनी गांधीजींसमोरच बोलून दाखवला. तरीही अभ्यासक्रम समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. ख्वाजा गुलामुस्सैयदैन हेही समितीत होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधारे, अशी ती योजना होती. गणित-विज्ञानाच्या जोडीला चित्रकला आणि संगीतही त्यात होते. ‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिणारे झाकिरसाहेब मुलांचे मन जाणत होते.

१९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद येथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. इथले कलाभवन त्यांची आठवण देते. मुलाला चित्रकार बनवण्यासाठी कला शिकवायची नसते, त्याची वाढ नीट व्हावी म्हणून शिकवायची असते, असे ते मानत. मोठ्यांचे चित्र पुढे ठेवून नक्कल करून घेणे त्यांना पसंत नव्हते.

मध्यंतरी बंद पडलेली शाळा २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ नावाने पुन्हा सुरू झाली. मराठी माध्यमाच्या या शाळेत मुले-मुली वाफ्यात भाजी लावतात, सूत काततात, शिवतात, स्वयंपाकही करतात. वाफा मोजताना क्षेत्रफळ येते, भाजी तोलताना दशांश येतो.

आपल्या मोहल्ल्यात विणकर, शिंपी, सुतार, जिल्दसाज आहेत. त्यातले अनेक पालक आम्हाला म्हणतात, “सर, हाताचं काम आमच्या नशिबी होतं, पोराच्या नको.” ही भीती खोटी नाही. पोट भरण्यासाठी लहान वयात कामाला जुंपलेले मूल शिकत नाही, नुसते राबते. झाकिरसाहेबांना हाच धोका दिसला होता. पण त्या भीतीपोटी हातालाच कमी लेखले, तर आपल्या अब्बांचे कसब पाहत वाढलेले मूल वर्गात स्वतःला ‘ढ’ समजू लागते. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देण्याची रीत अनेक शाळांत आहे. ज्याला त्याच तासात शाबासकी मिळायची, त्याने मग कुठे जावे?

वर्ध्याला गेलात तर मुलांना सोबत न्या. बापूकुटी पाहाच, पण नई तालीमचे आवारही पाहा. शाळा चालू असते, म्हणून आधी परवानगी घ्या. आणि घरी आल्यावर मुलाची चित्रकलेची वही एकदा उघडून पाहा.