पान्यांची पिशवी

जुन्नरहून नाणेघाटाकडे निघालं की गावाबाहेर पडता पडता डाव्या हाताला पत्र्याची शेड लागायची. ते मिस्त्रींचं गॅरेज. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते मिस्त्री. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली पाने द्यायला गेलो आणि पुढे कॉलेजची वर्षंही अर्धी तिथेच काढली. गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. हाताला गुण असलेला मेकॅनिक म्हणून गावाने त्यांना निरोप दिला. ते खरंच होतं, पण डोंगरात ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते अपुरं वाटलं असणार. मलाही वाटलं.

तेव्हा आमच्या भागात दूधवाल्यांकडे राजदूत, शाळामास्तरांकडे चेतक आणि डोंगराकडून माल घेऊन येणाऱ्यांकडे एम-एटी असायची. सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं तर इंजिन सीझ व्हायचं, जास्त पडलं तर सायलेन्सरमध्ये कार्बन साचून गाडी ओढायची बंद व्हायची. मिस्त्री सायलेन्सर काढून विस्तवात लाल होईपर्यंत जाळायचे आणि थंड झाला की ठोकून झाडायचे. प्लग उजेडात धरून गाडीची सगळी कुंडली सांगायचे. टोक तांबूस-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळंकुट्ट निघालं तर थेट विचारायचे, "घाटात चोक ओढून चालवतोस काय रं?" आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं.

अमावास्येला गॅरेज बंद. शेतकरी त्या दिवशी बैल जुंपत नाही, तसं आम्हीही मशीनला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मिस्त्री मात्र आदल्या संध्याकाळीच राजदूतला किक मारून पश्चिमेकडे निघायचे. मागे मी. पायात त्यांच्या टायरच्या चपला आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत भाकरी, गूळ, शेंगदाणे, आणि त्याखाली दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधराचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, बाइंडिंग वायर, जुन्या ट्यूबचे तुकडे. १८१८ साली इंग्रजांनी चावंड किल्ल्याच्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून तिथे चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. त्या चढावरही ही खुळखुळणारी पिशवी त्यांच्या पाठीवर असायची. गाडी खाली गावात उभी असताना हे लोखंड वर कशाला वाहायचं, असं मी एकदा विचारलं. "आपण काय गाडीसाठी नेतोय व्हय?" एवढंच ते बोलले.

उत्तर मिळालं घाटघरच्या बाजूच्या एका वाडीत. जीवधन किल्ला उतरून आम्ही पाणी मागायला थांबलो होतो. वाडीतली गिरणी बंद पडली होती. तेव्हा तिथे वीज नव्हती, गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. बायका नाचणीच्या पाट्या घेऊन ताटकळत बसल्या होत्या. दुसरी गिरणी गाठायची तर डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरावा लागणार होता. मिस्त्रींनी पिशवी उतरवली, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "एअर धरलीय." टाकीतलं डिझेल पार तळाला गेलं की असं होतं. मग वरून कितीही डिझेल ओता, पाइपमध्ये हवा अडकलेली असली की ते नोझलपर्यंत पोचत नाही. त्यांनी आधी फिल्टर धुतला. मग नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करून मला हॅन्डल फिरवायला लावलं. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची स्वच्छ धार. त्यांनी नट आवळला, मी पुन्हा जोराने हॅन्डल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. पाट्या पुढे सरकल्या.

गिरणीवाल्याने पैसे पुढे केले. मिस्त्रींनी घेतले नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, आज तर अमावास्या. मशीनला हात लावायचा नसतो ना?" ते म्हणाले, "धंदा बंद असतो. हात बंद नसतात." मग ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांकडे वळून म्हणाले, "बाबा, कोकणात उतरायची जुनी वाट आहे म्हणतात. तेवढी दाखवाल का?"

हा त्यांचा व्यवहार होता. पुढे मी तो वाडीवाडीवर पाहिला. कुठे हातपंपाचं वायसर बदलून द्यायचं, कुठे फवारणीचा पंप जोडायचा, कुठे शाळेतल्या पोरांच्या सायकलीची चेन बसवायची. बदल्यात मागायचं ते ज्ञान. महादेव कोळी समाजातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना हिरड्याचं रान दाखवलं. बाळहिरडा कधी झोडायचा, कसा वाळवायचा आणि फांदी मोडली तर पुढच्या वर्षी काय गमवावं लागतं, ते समजावलं. उन्हाळ्यातही न आटणारं पाणी कुठल्या कातळाखाली आहे ते सांगितलं. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा त्या उतारावर मधमाश्या किती येतात आणि तिथून चालताना आवाज का करायचा नाही, हेही. जूनच्या पहिल्या सरींआधी झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखायची. तिथे बॅटरी लावायची नाही, ही ताकीद आम्हाला एका आजींनी दिली होती. मिस्त्रींनी ती जन्मभर पाळली.

अमावास्येमुळे आम्हाला रात्रही काळोखी मिळायची. खिरेश्वरहून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगडावर गेलो की आम्ही कोकणकड्यापासून जरा मागे सरून पाठीवर पडून राहायचो. आकाशात मृग, कृत्तिका, सप्तर्षी. मिस्त्रींना ही नावं घरातून मिळाली होती, कारण त्यांच्या वडिलांची पेरणी नक्षत्रांवर चालायची. तारे बघताना ते फार बोलत नसत. मीही त्यांच्याकडूनच गप्प राहायला शिकलो.

नाणेघाटात मात्र ते बोलायचे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, त्याचे आकडे भिंतीवर कोरले आहेत. मी कॉलेजात शिकलेलं सांगायचो आणि ते मन लावून ऐकायचे. एकदा त्या अक्षरांवरून नजर न काढता म्हणाले, "या घाटानं कल्याणकडचा माल बैलांवर चढत होता. म्हंजी बैलाला नाल मारणारा, गोणी शिवणारा कुणीतरी हितं बसलेला असणार. त्याच्याबिगर हा घाट चालला नसता." त्या क्षणापासून मला नाणेघाट वेगळा दिसतो. चिरा, पायऱ्या, पाण्याची टाकी, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, सगळ्यामागे राबते हात दिसतात.

पुढे काळ बदलला. टू-स्ट्रोक गेल्या, सेन्सर आणि स्कॅनर आले, गॅरेज मुलाने हाती घेतलं. नाणेघाटापर्यंत चांगला रस्ता झाला आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. घाटात क्लच प्लेट जाळून बसलेल्या पाहुण्यांकडे मिस्त्री म्हातारपणीही जायचे. त्यांच्याकडून मजुरी चोख घ्यायचे आणि वाटेत गोळा केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचं पोतं त्यांच्या डिकीत ठेवून हात जोडायचे. "खाली नेऊन टाका, दादा." कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

कुकडीकाठी त्यांचा दशक्रियाविधी झाला. गावातली माणसं येणारच होती. पण पहिल्या एसटीने घाटाकडच्या वाड्यांतली माणसं उतरली. काही तर अशा वाड्यांतली, जिथे अजूनही सडकेपर्यंत चालत यावं लागतं. आमच्यापैकी कित्येकांना ती कुणाची कोण, हे माहीत नव्हतं. कुणी म्हणालं, मिस्त्रींनी आमची गिरणी चालती ठेवली. कुणी म्हणालं, आमच्या बाबांना दवाखान्यात राजदूतवरून नेलं. भाषणं सुरू झाली तेव्हा त्यांच्यातलं कुणी बोलायला उठलं नाही, पण शेवटपर्यंत कुणी जागचं हललंही नाही.

डोंगरावर प्रेम करणारी माणसं आज पुष्कळ आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे. मिस्त्रींचं प्रेम इतकंच निराळं की ज्यांच्या अंगणातून वाट जाते त्यांचं देणं लागतो, असं ते मानत आणि ते देणं हातातल्या कसबाने फेडत. त्यांच्याकडे शिकलेले आम्ही काहीजण आता पावसाळ्यापूर्वी वाड्यांवर जातो. पंप, गिरण्या, हातपंप तपासतो, मजुरी घेत नाही. डोंगरात येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही येत असतं. डॉक्टरांना रक्तदाब तपासता येतो, शिक्षिकेला पोरांना तासभर शिकवता येतं, वायरमनला दिवा लावता येतो. ते सोबत घेऊन या. वाट विचारायच्या आधी, काही बिघडलंय का, एवढं विचारा.