शेक उपचारात मोजायचा असतो

ताईला चोविसाव्या वर्षी हॉजकिन लिंफोमा झाला होता. लसिकाग्रंथींत सुरू होणारा हा रक्ताचा कर्करोग. ती बरी होऊन ११ वर्षं झाली, म्हणून तिच्यासोबत नव्या डॉक्टरांकडे मी निर्धास्तपणे गेलो. “कोणते उपचार झाले?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “केमो.” “कोणती औषधं? किती मात्रा?” मला एकही नाव सांगता आलं नाही.

घरी फाईल काढली. ‘एबीव्हीडी’ ही अक्षरं पूर्वीही दिसली होती. ती चार औषधांची आद्याक्षरं आहेत हे आता कळलं. त्यातलं विनब्लास्टिन मुळात सदाफुलीतून मिळालं. आमच्या दारात सदाफुली आहे आणि मला याचा पत्ताच नव्हता.

पुढच्या भेटीत डॉक्टर ‘दुसरा कर्करोग’ म्हणाले. जुनाच उलटतो, असं मला वाटलं. त्यांनी समजावलं: उपचार पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. एखादी निरोगी पेशीही जखमी होते, जगते आणि काही वर्षांनी बिघडते. हा आजार नवा असतो. असा घाव घालणाऱ्या एका गटाचं नाव त्यांनी सांगितलं; वहीत मी ‘अल्किलेटिंग औषध’ याच्यापुढे ‘डीएनएला चिकटणारं’ असं लिहिलं. याहून बरा शब्द सुचला नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या ‘मॉप’ उपचारात अशी औषधं होती. बऱ्या झालेल्या काहींना पुढच्या दहाएक वर्षांत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचाच वेगळा कर्करोग, झाला. “मग केमो द्यायलाच नको होती?” मी विचारलं. “त्याआधी पसरलेल्या हॉजकिनमधून क्वचितच कोणी वाचायचं,” डॉक्टर म्हणाले. पुढे मिलानमध्ये तयार झालेल्या एबीव्हीडीने ल्युकेमियाचा धोका पुष्कळ घटवला. मी अर्धीच गोष्ट ऐकून निकाल दिला होता.

“म्हणजे फक्त केमो झाली?” डॉक्टरांनी विचारलं. मी मान डोलावली. ताई हळूच म्हणाली, “आणि छातीला शेक.” किरणोपचाराला घरात सगळे शेकच म्हणायचे. तो उपचारात मोजायचा असतो, हे मला सुचलंच नव्हतं. नेमका त्याच्यामुळे स्तन, थायरॉइड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तोही अनेक वर्षांनी. तरुणपणी छातीला शेक घेतलेल्या स्त्रियांनी चाळिशीची वाट पाहायची नसते; साधारण आठ वर्षांनंतर दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय सुरू करायचा असतो. ताईची तीन वर्षं चुकली होती.

पहिली तपासणी स्वच्छ आली. तुमच्या घरात कोणी कर्करोगातून बरं झालं असेल, तर उपचारांचा सारांश आजच मागून घ्या: औषधांची नावं, एकूण मात्रा, आणि शेक कुठे व किती दिला.