प्रश्न चुकला होता

गेल्या मे महिन्यात मी बडोद्याला मामांकडे गेलो होतो. आमच्या घरी वडिलांशी कन्नड, आईशी मराठी, आणि शाळा मराठी माध्यमाची. आईचे माहेर मात्र गायकवाडांच्या काळापासून बडोद्याचे. त्यामुळे मामांच्या मराठीत गुजराती सहज मिसळते. मांडवीजवळ त्यांचे भांड्यांचे दुकान आहे.

"तू कॉमर्सचा, शिवाय कॉम्प्युटरही शिकतोस. एवढे बघ," म्हणून मामांनी दोन याद्या पुढे केल्या. एक मार्चअखेरची, त्यांनी स्वतः जपून ठेवलेली उधारीच्या रकमांची. दुसरी मेहताजींची आजची. जुन्या रकमांत कुणी हात घातला आहे का, हे पाहायचे होते. गादीवर लिहीत बसलेल्या मेहताजींचा हात थांबला.

रकमांच्या अशा ओळीला प्रोग्रामिंगमध्ये अ‍ॅरे म्हणतात, पायथनमध्ये लिस्ट. दोन्ही याद्या भरून मी विचारले, समान आहेत का? उत्तर आले, 'फॉल्स'. आणि मी ते मोठ्याने वाचले! मामांचा चेहरा उतरला. मेहताजी उठून उभे राहिले. अठरा वर्षे ते त्या गादीवर होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एप्रिल-मेच्या नोंदींमुळे आजची यादी लांब असणारच, आणि लांबी वेगळी असली की पायथन दोन याद्या समान मानीत नाही. खरा प्रश्न असा होता : जुनी यादी हा नव्या यादीचा आरंभ आहे का? जुन्या रकमा ४१२. नव्या यादीतल्या पहिल्या ४१२ वेगळ्या काढून ताडल्या. 'ट्रू'!

"बेसो, मेहताजी, बेसो," मामा म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

आता मी जपून असतो. जोड्या लावणारे पायथनचे 'झिप' आखूड यादी संपताच थांबते. शेवटची पाने फाडलेली वही दिली, तरी त्या जोड्या सगळ्या जुळतील! म्हणून आधी लांबी पाहावी. जावामध्ये २०१७ पासून 'मिसमॅच' आहे. पहिला फरक कितव्या जागी, ते शून्यापासून मोजून तो सांगतो.

मित्रहो, यंत्राचे उत्तर बरोबरच होते, माझा प्रश्न चुकला होता. पण तेवढ्या दोन मिनिटांत एका माणसाची अठरा वर्षे पणाला लागली. उद्या ऑडिटला बसेन तेव्हा 'जुळत नाही' म्हणण्याआधी, कुठून कुठपर्यंत ताडले, हे आधी स्वतःला विचारीन.