पुलावरच्या फुल्या

खामगावच्या माणसाला छोट्या रेल्वेचे कौतुक सांगू नये. आमची जलंब-खामगाव शाखा १८७० सालची, कापसासाठी घातलेली, जेमतेम तेरा किलोमीटरची. पण माझ्या मनातली गाडी ती नव्हे, ती 'शकुंतला'. मूर्तिजापूरला उतरायचे, अडीच फुटी रुळांवरच्या चिमुकल्या डब्यात शिरायचे आणि अंजनगावला आजोळी जायचे. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, पण गाडीला घाई कसली ती नसेच. फाटक आले की थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा. किलिक-निक्सनच्या काळातली ही गाडी. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन गेले आणि आता गाडीच बंद आहे.

आईचे वडील, आमचे आबाजी, याच मार्गावर गँगमन होते. गेल्या दिवाळीत मी त्यांना मोठ्या उत्साहाने कॅनडातल्या मायरा कॅन्यनची हकिगत सांगितली. तिथले रेल्वेचे बारा लाकडी पूल २००३ च्या वणव्यात जळाले. ते पुन्हा जसेच्या तसे उभारले आणि २००८ साली वाट खुली झाली.

"गाडी चालू झाली मंग?"

"नाही आबाजी. रूळ आधीच काढलेले होते. लोक पायी जातात, सायकलने जातात."

आबाजी खो खो हसले. "गाडी नाई, तं पूल कायले बांधला बापा?"

मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चाल, पूल पाहून येऊ." पिशवीत हातोडी होती. गावाबाहेरच्या नाल्यावरचा तो पूल अगदी लहान. खाली लोखंडी गर्डर, त्यावर लाकडी स्लीपर, त्यावर रूळ. पुलावर खडी नसते, त्यामुळे गाडीचा सारा भार लाकडावर. नवा स्लीपर बसवायचा तर वासल्याने तासून रुळाची बैठक करायची, गिरमिटाने भोके पाडायची, हूक-बोल्टने गर्डरला आवळायचे, आणि हे सगळे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. "विंग्रजाचं एकबी लाकूड राह्यलं नाई इथं," आबाजी म्हणाले. "सारे आमीच बदलले. पूल तोच."

मी त्यांना पुलावर जाऊ देईना. वय चौऱ्याऐंशी, गुडघे दुखरे, आणि मधून मधून खालचा नाला दिसत होता. शेवटी मी दंड धरला आणि ते कडेकडेने बसत सरकत निघाले. स्लीपरवर हातोडी मारायची, कान द्यायचा. पोकळ 'भद्द' आवाज आला की आतून कुजलेला. खणखणीत आवाज क्वचितच येई. आला की माझ्याकडे असे पाहत, जणू मीच तो बसवला होता!

खिशातून त्यांनी खडू काढला. कुजलेल्या प्रत्येक स्लीपरवर पांढरी फुली. हे मी विचारलेच नाही, कशासाठी म्हणून.

परतताना चहाच्या टपरीवर टेकलो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोजल्या का फुल्या?"

"एकवीस."

"एकवीस," ते म्हणाले. "चार मानसं असले तं आठ दिवसांचं काम हाय."