गिझर आणि बंब

आज सकाळी पुन्हा तेच. गिझर लावला की पाचेक मिनिटांत अख्ख्या घराची वीज गुल. करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत कधीकधी टँकरचं पाणी येतं, त्याचा क्षार बादलीवरही पांढरा दिसतो.

मेस्त्री आला. आधी स्क्रू नाही काढला, प्रश्न विचारले. लगेच ट्रिप होतं की तापल्यावर? मला हे फार आवडलं. डॉक्टरही हल्ली इतकं विचारत नाहीत. मग त्याने कॉईलच्या वायरी सोडवून वीज चालू केली. ट्रिप नाही. म्हणजे दोष कॉईलचाच. बाहेर काढली तर क्षाराचं जाड कवच आणि खाली बारीक तडा. क्षारामुळे कॉईलची उष्णता पाण्यात जात नाही, ती स्वतःच तापून फुटते. तड्यातून करंट पाण्यात उतरला की ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर वीज तोडून जीव वाचवतो. त्यालाच मी आठवडाभर शिव्या देत होतो!

माथेरानला मामाच्या जुन्या घरात पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. त्याचं निदान नाकाने आणि कानाने व्हायचं. धूर न्हाणीघरात उलटा आला तर मधल्या नळीत काजळी. निखाऱ्यांवर चुर्र झालं तर गळती. काजळी मामी काठीला चिंध्या बांधून काढायची. गळतीला मात्र डाख हवा. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नाही, म्हणून बंब घोड्यावरून खाली जायचा, आणि तो परतेपर्यंत चुलीवरचं हंडाभर पाणी सगळ्यांत वाटून.

नवी कॉईल दोन हजार वॅटची. पंधरा लिटर पाण्याला वीसेक मिनिटं. जुनी मी टाकली नाही, गॅलरीत ठेवलीय.